भांडेवालीला दिलेली लुगडी

माझ्या हातून आयुष्यात एकच मूर्खपणा झाला, असं मी नातवंडांना सांगते. ते खोटं आहे. पुष्कळ झाले, पण सगळ्यांत थोरला हा: कायमचं पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मी माझी झाडून सगळी लुगडी भांडेवालीला देऊन टाकली आणि बदल्यात स्टीलचा एक डबा घेतला. धड होती ती दिली, दोन जुन्यांना दंड घालून एक केलेली तीही दिली. पुण्यात कोण नऊवारी नेसतं? निघताना बहिणीनं दिलेली पाचवारीच कशीबशी गुंडाळली. डबा असा चकचकीत, की त्यात तोंड दिसायचं. ते तोंड किती येड्या बाईचं आहे, एवढं मात्र डब्यानं सांगितलं नाही.

त्या वयात पुणं म्हणजे मला नळ वाटायचा. बाकी तिथं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं आणि नकोही होतं. आमचं गाव भूमकडचं, ईट गावाच्याही पलीकडं. मोठ्या दुष्काळात आम्ही बायकांनी दिवसभर तलावाच्या कामावर खडी फोडायची, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खायची आणि परतल्यावर विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं घागर भरायची. अशात माझी धाकटी बहीण पुण्याहून आली आणि म्हणाली, "अक्का, आमच्याकडं नळ नुसता पिरगाळला की पाणी." झालं! पुढं दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, पण माझ्या डोक्यातला नळ काही बंद होईना. मालकांच्या मागं मी अशी भुणभुण लावली की शेवटी ते म्हणाले, "चल बाई, तुझा नळ बघून येऊ." मेव्हण्यानं त्यांना कंपनीत चिकटवायचं कबूल केलं होतं.

खरं तर तोवर गावात दूध सोसायटी निघाली होती. खडी फोडलेल्या बायकांच्या दारात म्हशी आल्या होत्या, आमच्याही आली. कपाळावर पांढरा टिकला, अंगानं भरलेली, आणि माजोरी म्हणाल तर माझ्यासारखीच. तिचं रेडकू जन्मल्यावर आठवड्यातच गेलं. तेव्हापासून ती माझ्याच हाताला सवकली. मी शेजारी बसले की पान्हा सोडायची, दुसरं कुणी बसलं की चोरायची. मी हे सगळं जाणून होते, तरी निघताना जावेला म्हणाले, "तिला काय, आंबोण दाखवलं की देती दूध." पुण्याच्या गाडीत पाय ठेवायच्या आधीच बाई थापा मारायला शिकली होती.

नळ खरा होता, खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी मी तो इतक्यांदा सोडला आणि बंद केला की बहीण म्हणाली, "अक्का, पुरे, लोक हसतील." तिच्या वळणानं मी गोल पाचवारी नेसायला लागले, फुलाफुलांची, नायलॉनची. चालताना ती सळसळायची आणि मला वाटायचं, सगळं पुणं माझ्याकडंच बघतंय. पुण्याला दुसरी कामं होती, हे मला उशिरा कळलं.

आठवडाही झाला नसेल. दुपारी दार वाजलं. बघते तर सासूबाई! त्यांना मी आत्याबाई म्हणायची. भूमच्या बाजाराच्या पलीकडं ज्या कधी गेल्या नव्हत्या, त्या काखेत भाकरीचं गाठोडं धरून उभ्या.

"आत्याबाई, तुम्ही? एकट्या आलात?"

"एकटी कशी? यष्टी मानसांनी भरली व्हती की."

"घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं हाय. तुझं एक लुगडं दे. न धुतलेलं असंल तर लईच चांगलं."

मी आणि बहीण एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. आत्याबाई खाली बसल्या, तांब्याभर पाणी प्याल्या आणि मग बोलल्या. म्हैस जावेला उभी राहू देत नव्हती. चरवीत फेस म्हणून पडेना. एरवी आमच्याच म्हशीच्या दुधानं सोसायटीचा कॅन गळ्यापर्यंत भरायचा. आता तो रोज अपुरा जात होता, आणि गाडीवाल्यानं सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर मी गाडी तुमच्या गावात वळवणार नाही, ईटवरनंच माघारी जाईन. गाडी बंद म्हणजे सोसायटी बंद. ज्या बायकांच्या दारात आत्ता कुठं म्हस आली होती, त्यांनी दूध काय अंगणात ओतायचं?

"तुझं लुगडं नेसून तुझी जाऊ धार काढंल," आत्याबाई म्हणाल्या. "म्हशीला वासाचंच काय ते. म्या काय तुला न्यायला आले न्हाय. लुगडं दे, मिळंल त्या गाडीनं जाते."

"लुगडी... न्हाईत, आत्याबाई."

"न्हाईत म्हंजे?"

"भांडेवालीला दिली."

त्यांनी फळीवरच्या डब्याकडं बघितलं. उठून तो खाली घेतला, फिरवून फिरवून न्याहाळला.

"झाकन बसतंय का गं?"

"न्हाय."

"मग घेनारीला बरूबर हाय," म्हणाल्या आणि डबा जागेवर ठेवला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता लुगडं नाही म्हटल्यावर ज्या अंगाचा वास हवा ते अंगच न्यायला हवं होतं. मालकांना म्हणाले, दोन दिवसांत येते. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या धारेला गावात पोचलो. माझ्या अंगावर तीच फुलांची पाचवारी, आणि केसांत बहिणीचं वासाचं तेल. आख्खी गल्ली गोठ्याशी जमली. मी ऐटीत चरवी घेऊन म्हशीजवळ बसले. तिनं मान वळवली, मला हुंगलं, फुस्स केलं आणि अशी लाथ घातली की चरवी एकीकडं नि मी शेणात.

"बया गं!" जाऊ पदर तोंडाला लावून म्हणाली. "म्हस म्हनती, पुण्याची पाव्हनी आलीया, हिला च्या ठेवा!"

गल्ली खदाखदा हसली. तिकडं गाडीची वेळ होत आलेली, कॅन तोंडापासून हातभर रिकामा, आणि सोसायटीचा माणूस दोनदा येऊन डोकावून गेलेला. मी शेणातनं उठले. आत्याबाई उंबऱ्याशी निवांत सुपारी कातरत बसल्या होत्या, माझ्याच वाकळीवर. पुण्यात सोलापुरी चादर अंथरायची म्हणून मी ती वाकळ मागं टाकली होती. मी बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या वाकळीचं वरचं अस्तर माझं लग्नातलं लुगडं, आतल्या घड्यासुद्धा माझ्याच लुगड्यांच्या!

"उठा, आत्याबाई!"

"का गं?"

"उठा म्हणते ना!"

वाकळ ओढली आणि ऐन उन्हाळ्यात डोक्यावरनं पांघरून म्हशीजवळ जाऊन बसले. घामाच्या धारा लागल्या. म्हशीनं पुन्हा मान वळवली. वाकळीत नाक खुपसलं. बराच वेळ हुंगत राहिली. मग तिनं एक लांब उसासा टाकला, आणि माझ्या बोटांखाली सड फुगले.

चरवीत पहिली धार वाजली तो आवाज मी पुण्याच्या सगळ्या नळांवरनं ओवाळून टाकीन. चरवी भरली, दुसरी भरली. जाऊ पळत कॅनकडं नेत होती आणि ओरडत होती, "सरका, सरका!" गाडीवाला आला तेव्हा कॅन असा भरला होता की झाकण लावताना दूध त्याच्या हातावर सांडलं. तो म्हणाला, "ही कोण वाकळ गुंडाळलेली?" अवघी गल्ली एका तोंडानं म्हणाली, "आमची हाय!"

ते दोन दिवस अजून संपले नाहीत. मालकही महिनाभर बहिणीच्या हातचं पिठलं खाऊन परतले. पुढं आमच्या बायकांनी स्वतःची वेगळी सोसायटी काढली आणि चेअरमन मला केलं. आज बहिणीची सून आमच्याकडचा खवा पुण्याला मागवते. नळ माझ्या अंगणात आला तेव्हा मी तोही दिवसभर सोडला, बंद केला, आणि कुणी हसायची मला भीती वाटली नाही. शहराची ओढ कधी वाटली का, असं नात विचारते. वाटली की! आठवडाभर वाटली.

आणि वाकळीची शक्कल माझी, हे मी गावभर मिरवत होते. चेअरमन झाले त्या दिवशी गळ्यात हार घेऊन घरी आले आणि आत्याबाईंच्या पाया पडताना तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "वाकळंचं मला पयल्याच दिवशी सुचलं व्हतं. पर वाकळ काय चुलीपशी बसून माझ्यासंगं भांडती व्हय?"