मोरीमागचा जांभळा मका

चहाचा ट्रे हातात घेऊन मुकादमीण दाराआडच थबकली. बाहेरच्या खोलीत मका संशोधन केंद्राचे साहेब तिच्या नवऱ्यावर कडाडत होते.

“मुकादम, आसपास कुणाचा मका नाही असं छातीठोक सांगितलंत ना? मग हे काय आभाळातून पडलं?”

साहेबांच्या हातात नव्या संकरित वाणाचं कणीस होतं. दाणा भरघोस, आणि कणीस पिकलं तरी पाला हिरवागार, म्हणजे गुरांसाठी मुरवून ठेवायच्या चाऱ्याला, मुरघासालाही चालेल, असं वाण काढायला त्यांनी उभं तारुण्य घातलं होतं. पण पिवळ्या कणसात मधेमधे जांभळे दाणे, चांगल्या दातांना कीड लागावी तसे. वाऱ्यावर परक्या मक्याचा पराग आला होता. सगळं बी वाया.

“घर अन् घर पाहिलंय, साहेब,” नवरा म्हणाला.

पाहिलं होतंच. फक्त स्वतःचं सोडून. दिव्याखाली अंधार! मोरीच्या पाण्यावर, घेवड्याच्या वेलाआड मुकादमिणीने बहिणीकडचा जांभळा मका लावला होता. रंग आवडला म्हणून, दुसरं काय? हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं हो, फक्त ते दुसऱ्याला भरावं लागतं.

चहा तिथेच ठेवून ती मागे धावली. वाळकी ताटं उपटून शेळीपुढे टाकली.

जेवताना नवरा एवढंच म्हणाला, “शेळीची आज चंगळ दिसते.”

पुढे त्याची मुकादमी गेली, पुन्हा कुदळ हाती आली. तो चकार शब्द बोलला नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला घास तरी गिळता आला असता.

नवरा वारल्यावर ती साहेबांकडे गेली. “साहेब, तो मका आमच्या परसातला होता.”

“ठाऊक आहे, वहिनी. दुसऱ्याच दिवशी मुकादम सांगून गेले, मीच लावला म्हणून.”

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. जन्मात खोटं न बोललेला माणूस एकदाच बोलला, तेही तिच्या वाटचं.

तेव्हापासून दर हंगामात, तुरे यायच्या आत, ती घरोघरची परसं धुंडाळायची. “मका लावलाय का गं?” लोक तिला उपटआजी म्हणायचे.

सून वैतागायची. “अहो आई, ते वाण शेतोशेती पोचलं. आता कुणाच्या परसाची काळजी?”

“आपल्या.”

शेवटच्या वर्षी पाय सुजले होते, तरी फिरलीच. सगळ्यात शेवटी घरची मोरी. तिथे कोंबड्यांनी सांडलेल्या दाण्याचं एक रोप गुडघाभर वाढलं होतं. कंबर वाकेना, तशी ती ओल्यातच फतकल मारून बसली, दोन्ही हातांनी ते उपटलं, मुळांची माती झटकली आणि शेळीपुढे टाकलं.