दिलीपच्या भिंतीवर माझा बा

दिलीपने मला फसवले. माझ्या बापाचा फोटो त्याने लपवून ठेवला आणि ठाण्याच्या हॉलमध्ये परक्या लोकांना दाखवला. गावातल्यांसाठी हे लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे वापी, सुरत, भिवंडीला गेले त्यांच्यासाठीही. दिलीपच्या बाजूने बोलणारे खूप आहेत. माझी बाजू मलाच मांडायची आहे.

मी डोळखांबहून निघालो तेव्हा राब भाजायचे दिवस होते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून बा खाचरात पालाफांद्या पसरून पेटवत होता. मी बॅग घेऊन बांधावर उभा राहिलो. वाटले, काहीतरी बोलेल. बोलला, "जातोस तर जा. पन जाताना म्हशीला पानी दाखवून जा." मी पाणी दाखवले आणि एसटी धरली. शाळेपासूनचा दोस्त दिलीप स्टँडवर होता. दोघांनी मिळून जायचे ठरले होते. ऐन वेळी म्हणाला, "तू हो पुढं, मी येतो." आजतागायत आला नाही.

सुरतेत मी पाडलेल्या इमारतींची जुनी दारे-खिडक्या विकतो. आधी दुसऱ्याच्या गोदामात लाकडातले खिळे उपटले, आता गोदाम माझे आहे. बाजारात काशीशेठ म्हणतात. पोरे अर्धे गुजरातीत बोलतात. गावी गेलो की बा मला खुर्ची द्यायचा, पाहुण्याला देतात तशी, आणि बोलताना तोंडावर पंचा धरायचा. मला वाटायचे, शेठ झालो म्हणून मान देतो.

फोटो तर त्याने कधीच काढू दिला नाही. मोबाइल वर केला की ओरडायचा, "ठेव तो! मी मेलोय काय अजून?" आमच्याकडे भिंतीवर फोटो चढतो तो हार घालूनच. तो गेला तेव्हा आधार कार्डावरचा मोठा करून आणावा लागला. दहाव्याला आलेली माणसे म्हणाली, "हा कोन? वळखू नाय येत." त्या फ्रेमचा खिळा दिलीपनेच ठोकला. फ्रेम वाकडी होती, ती सरळ केली, मागे सरून पाहिली. आणि गप्प बसला.

तो लग्नाबारशाचे फोटो काढतो, एवढे मला माहीत होते. यंदा गावच्या ग्रुपवर आले की त्याचे एकट्याचे प्रदर्शन लागले आहे. मला त्याने कळवले नव्हते. तरी गेलो. खरे सांगायचे तर फजिती बघायला गेलो.

हॉलभर आमचाच मुलूख. धुक्यातले माहुलीचे सुळके, खर्डीची भातशेते, शेणव्याकडच्या नाचणी झोडणाऱ्या बाया. लोक देवळात फिरावे तसे हळू फिरत होते. मध्ये हा, साध्या शर्टात, आणि चांगले शिकलेले लोक त्याला सर म्हणत होते. मला शेठ म्हणवून घ्यायला गाव सोडावे लागले, अर्धे आयुष्य घालवावे लागले. हा गावात बसून सर झाला.

शेवटच्या भिंतीवर बा होता. माझ्या गोदामातल्या दाराएवढा. राख झालेल्या खाचरात उभा, मान मागे टाकून हसत होता. तोंड उघडे, पुढचा एक दात नाही. बाचा दात पडला हे मला माहीतच नव्हते. पंचा कशाला होता, ते तिथे कळले.

शेजारची बाई म्हणाली, "किती निरागस!" निरागस म्हणे! मुरबाडच्या बाजारात बैलाच्या सौद्यातून हा माणूस उठून चालू लागायचा, आणि समोरचा त्याला अर्ध्या वाटेतून परत आणायचा. सौदा मी त्याच्याकडूनच शिकलो.

दिलीपला कोपऱ्यात घेतले. "भाव बोल."

"काशा, हा विकायचा नाय रे."

"मग तो गेला तवा का नाय दिलास?"

"त्यांनीच सांगितलेला. हार घालून टांगायला देऊ नको म्हनले."

"माझ्यासमोर उभा राहत नव्हता तो. तू काय जादू केलीस?"

"मी मागितलाच नाय कदी. त्यांच्यासंगती रानात जायचो, फांद्या तोडायला. एक दिवस तेच म्हनले, काढ."

मी पुन्हा फोटोकडे वळलो. तोच म्हणाला, "घेऊन जा तू. बाप तुझा हाय. हार तेवढा घालू नको."

घासाघीस करायच्या तयारीने गेलो होतो, आणि त्याने फुकट देऊन टाकला. राग त्यानेच जास्त आला.

आता बा सुरतेत आहे, बिनहाराचा. येणारा प्रत्येक जण विचारतो, आजोबा कशावर एवढे हसताहेत? मला सांगता येत नाही. दिलीपला फोन केला, तो म्हणाला आठवत नाही. आईला विचारले. आई म्हणाली, "मी होते ना तिथं. काय हसलो आमी त्या दिवशी! पन आता तुला कसा सांगू रे, तू नव्हतास." आणि तिला फोनवरच पुन्हा हसू फुटले.

मला वाटायचे, मी सुरतेला असलो की गावचे घर थांबून राहते, मी पोचलो की चालू होते. तसे कधीच नव्हते. मी खुर्चीवर बसलो की ते थांबायचे, आणि मी एसटीत चढलो की पुन्हा चालू व्हायचे. माझ्यासाठी आता घर म्हणजे ते थांबलेले, एवढेच.

पण दिलीप, आठवत नाही हे मी मानत नाही. खोटे बोलताना माणसाचा आवाज कसा खाली जातो, हे ओळखून मी पोट भरतो. फोटो दिलास, गोष्ट ठेवून घेतलीस. तुम्ही माझ्यावर हसत होतात का? माझ्या शेठपणावर, माझ्या खुर्चीवर? तसे असेल तर तसे बोल. मी गावी येतो आहे. आमच्या खळ्यात, आईसमोर, चार माणसांसमोर उभा राहा आणि बोल.