पलंगाखालचा बेस

“जागा सोड, मास्तर.”

हे म्हणताना भाऊ उजव्या हाताचा पंजा पालथा करत आणि झोपू पाहणाऱ्या मुलाला थोपटावं तसा हवेतच दोनदा खाली आणत. माझ्या गिटारचे सूर जास्त झाले की हा पंजा खाली यायचा. माझ्या गिटारचे सूर नेहमीच जास्त व्हायचे, त्यामुळे त्या पंजाला कधी उसंत मिळाली नाही.

भाऊंचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. उभं आयुष्य त्यांनी गायकाच्या मागे, ढोलकीवाल्याच्या शेजारी, शक्यतो उजेड पडणार नाही अशा जागी उभं राहून खर्जाच्या जाड तारांची बेस गिटार वाजवली. आमच्या शहरात तुम्ही कधी लग्नाच्या ऑर्केस्ट्राला बसला असाल, एप्रिलमध्ये एखाद्या चौकात भीमगीतं ऐकत थांबला असाल, तर त्यांना पाहिलेलं आहे तुम्ही. उंच, थोडे पोक काढून उभे, पांढरा शर्ट, अर्धे मिटलेले डोळे. नाही आठवत ना? त्यांना ऐकून बरंच वाटेल.

“बेस कुणाला ऐकू येत नाय,” ते म्हणत. “बंद पडला की मग समदे इकडं तिकडं बघतेत, काय बिघडलं म्हणून.” यात तक्रार नव्हती. चांगलीच ऐट होती.

शहरातल्या छावणी भागात माझा गिटारचा क्लास आहे, दोन खोल्यांचा. तिथे ते पहिल्यांदा आले ते एक वायर मागायला. संध्याकाळी त्यांचा हर्सूलला कार्यक्रम होता आणि त्यांची वायर ऐन वेळी खरखर करू लागली होती. मी वायर शोधेपर्यंत ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझं शिकवणं ऐकत राहिले. जाताना दारात थबकले आणि म्हणाले, “पोरं चांगली वाजवायलेत. तूच लई बोलतोस.” मी म्हटलं, शिकवायचं म्हणजे बोलावं लागतंच. तर म्हणाले, “तोंडानं नाय म्हणलो म्या.”

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ते वायर परत द्यायला आले तेव्हा मी त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. काही माणसांवरचा राग चहापर्यंतही टिकत नाही.

तरुणपणी भाऊ दोन वर्षं एका प्रवासी जहाजाच्या बँडमध्ये होते. जहाज या बेटावरून त्या बेटावर जायचं. तिथून त्यांनी नारळाची झाडं छापलेला एक शर्ट आणला आणि एक ठेका आणला. शर्ट कधीच विटला. ठेका मात्र त्यांनी तीस वर्षं सांभाळून ठेवला होता. बेटांवरच्या त्या संगीतात गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधे वाजते. आणि बेस दोन सूर वाजवून गप्प बसतो. “त्या गप्प बसण्यावर माणसं नाचतेत,” भाऊ सांगत. वरातीत नाचणारी माणसं पाहिलेल्या मला ते मुळीच खरं वाटायचं नाही.

एके दिवशी ते आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, “मास्तर, आपण बेटाच्या गाण्यांचा अल्बम करू.”

“कुठल्या बेटाच्या?”

“आमच्या. गंगापूरकडच्या.”

मी हसलो. समुद्र कुठे आणि गंगापूर कुठे! भाऊ हसले नाहीत. ते लहान असताना धरणाचं पाणी चढलं आणि गाव उठलं. पण गावाबाहेरचा उंच माळ बुडाला नाही. चारी बाजूंनी पाणी, मधे तो माळ, त्यावर एक चिंच. गावच्या बायका नव्या वस्तीतून त्या माळाकडे बघत दळायच्या आणि दळता दळता गाणी रचायच्या. त्या बायकांपैकी आता गाणारी एकच उरली होती, भाऊंची माय. भाऊंनी खुंटीवरची माझी दुसरी गिटार काढली, तोच तो बेटांवरचा ठेका धरला आणि मायची एक ओवी त्यावर ठेवली:

पाणी आलं अंगणात, त्याला बसाया पाट टाका
माझं जातं लई जड, थोडं थांबाया त्याला सांगा

ओवी त्या ठेक्यावर अशी जाऊन बसली की माझं हसू आपोआप थांबलं. घर बुडवायला निघालेल्या पाण्याला पाहुणा समजून पाट टाकणाऱ्या बाया! त्या दिवशी माझ्याकडे शिकायला आलेली दोन मुलं न शिकताच घरी गेली.

अल्बम करायचा ठरला. गिटार माझी, बेस भाऊंचा आणि गळा मायचा. पण भाऊंच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. मायचं वय झालं होतं आणि तिचे कान महिन्यागणिक मिटत चालले होते. आणि कान शाबूत होते तेव्हासुद्धा आपला मुलगा नक्की काय वाजवतो हे तिला कधी कळलं नव्हतं. ढोलकी तिला ऐकू यायची, पेटी ऐकू यायची, भाऊ नुसते उभे दिसायचे. “एकदा तरी तिला कळाया पाहिजे मास्तर,” ते म्हणाले, “की ह्यो नुसता उभा नव्हता.” पन्नाशी ओलांडलेला माणूस हे बोलत होता आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

आता सर्वात आधी माय ऐकायची की बेट बघायचं? शहाण्या माणसांनी आधी माय ऐकली असती. आम्ही बेट बघायला गेलो. अल्बमच्या चित्रासाठी फोटो हवा होता आणि तिथल्या पाण्याचा आवाजही टिपायचा होता. महिना मे. भाऊंना पोहता येत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून भाऊंनी ट्रॅक्टरच्या चाकाची एक भलीमोठी ट्यूब मिळवली, ती घरूनच फुगवली आणि गळ्यात घालून ते एसटीत चढले. कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि पुढे गेला. गंगापूरला उतरून जीपमध्ये बसताना ती ट्यूब टपावर बांधली. भाऊ दर वळणावर डोकं बाहेर काढून ती आहे ना हे बघत होते.

जीपमधून उतरून आम्ही काठावर गेलो, तर काठच नव्हता. पाणी दूर कुठेतरी चमकत होतं. आमच्या पुढ्यात कोरडी, भेगाळलेली जमीन होती, त्यात टरबुजाचे वेल पसरले होते, म्हशी चरत होत्या. मधल्या माळावर चिंच होती आणि चिंचेखाली एकजण मोटारसायकल उभी करून झोपला होता.

भाऊ गळ्यात ट्यूब घालून उभे होते. मग म्हणाले, “मास्तर, बेट सुट्टीवर गेलं.”

मी खाली बसून हसलो. तेही हसले, इतके की ट्यूब हलायला लागली. टरबुजाच्या वाडीवाल्यानं एक टरबूज फोडून दिलं. आम्ही ट्यूब जमिनीवर टाकून तिच्यात बसून ते खाल्लं. तो झोपलेला गृहस्थ आमच्या आवाजानं उठला होता, त्यानंच आमचा फोटो काढला. अल्बमवर तोच आहे. कोरड्या जमिनीवर ट्यूबमध्ये बसलेली दोन माणसं, हनुवटीवर टरबुजाचा रस.

मायला हे ओरडून सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. “उन्हाळ्यात कुणी बेटावर जातं व्हय रं? उन्हाळ्यात तिथं चालत जातेत. मला इचारायचं तरी!”

आता मायकडे येतो. हर्सूलला भाऊंच्या घरात पुढची खोली तिची. खोलीत एक लोखंडी पलंग, एक स्टूल आणि माय. पांढरं लुगडं, बारीक अंगकाठी आणि आवाज असा की अंगणातली कोंबडी थांबून बघायची. पहिल्या दिवशी मी “जय भीम मावशी” म्हणून माईक लावला, तिच्या कानाला हेडफोन लावायला गेलो. “काढ ती बोंडं,” ती म्हणाली. हेडफोनमधून तिला ठेका ऐकू येणार होता, त्यावर तिनं गायचं होतं. पण तिला त्यातलं काही कळेना. ती आपल्या चालीनं गायची. कधी भरधाव, कधी मधेच थांबून सुनेला दुधाकडं बघायला सांगायची. माझी गिटार तिच्यामागे धावून धापा टाकायची. चार दिवस हेच. मी हळूच म्हटलं, “भाऊ, मावशींचं नुसतं गाणं टिपू या. ठेका आपण नंतर दुसऱ्या गाण्यांना लावू.”

“मग ती आन् म्या एकत्र कधी वाजणार?” भाऊ म्हणाले. त्यांच्या पंजाची हालचाल त्या दिवशी दिसली नाही. ते बेस पिशवीत घालून बाहेर जाऊन बसले. मलाही मग वायरी गुंडाळताना फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी, आणखी एकदा बघू म्हणून गेलो तर, खोलीत भाऊंचा बेसचा स्पीकर ठेवायला जागाच नव्हती, कारण मायच्या लेकीनं धाडलेली ज्वारीची पोती कोपऱ्यात येऊन पडली होती. विजेचा प्लग पलंगामागे. भाऊंनी स्पीकर सरकवत पलंगाखाली ढकलला, वायर जोडली आणि सूर जुळवायला सर्वात जाड तार छेडली.

पलंगावर बसलेली माय दचकली. “कोण हलवायलंय?”

भाऊंनी पुन्हा तार छेडली. मायनं पलंगाच्या दांडीवर तळवा ठेवला. मग दुसरा ठेवला. तिनं भाऊंच्या बोटांकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं, परत बोटांकडे पाहिलं.

“हे तू हाईस?”

“व्हय माय,” भाऊ ओरडून म्हणाले. “म्याच हाय.”

“समद्या कार्यक्रमात हेच वाजवतोस?”

“हेच.”

“आन् मला वाटायचं, तुला नुसतं उभं ऱ्हायाचे पैसे देतेत.”

भाऊंना हसावं की रडावं कळेना, त्यांनी दोन्ही केलं. मी माईककडे बघत राहिलो, दुसरीकडे कुठे बघणार? माय मात्र कामाला लागली होती. तिनं पाय वर घेतले, मांडी घातली, दांडी घट्ट धरली आणि म्हणाली, “वाजव. पर सावकाश. घाई केली की पीठ जाडं पडतं.”

आणि ती गायली. त्या ठेक्यावर. एकदाही पुढे नाही, मागे नाही. लोखंडातून येणारा तो घरघराट तिला तळव्यांना कळत होता आणि ती त्यावर दळत होती. भाऊ दोन सूर वाजवून थांबायचे आणि त्या थांबण्यात मायचा शब्द अलगद येऊन पडायचा. मी मधेच एक सुंदर तान घेतली, निदान मला ती सुंदर वाटली. मायनं गाणं न थांबवता माझ्याकडे बघून हाताचा पंजा पालथा केला आणि खाली आणला. तो पंजा भाऊंनी कुठून उचलला होता ते मला तेव्हा कळलं.

पलंगाच्या पायथ्याची एक सळई ढिली होती. ठराविक सुराला ती झणझणायची. मी तिला फडकं बांधायला गेलो तर मायनं हात झटकला. “ऱ्हाऊ दे. जात्याचा खुंटाबी असाच वाजायचा.” ती झणझण अल्बमच्या सहाही गाण्यांत आहे. अल्बम ऐकणारे विचारतात, हे कुठलं वाद्य? मी सांगतो, हर्सूलकडचं आहे, दुर्मिळ आहे.

अल्बम मोबाईलवर आला तेव्हा भाऊंनी अख्खी गल्ली गोळा केली. माय पलंगावर, स्पीकर पलंगाखाली, आणि गल्लीतल्या बायापोरांनी पलंगाच्या चारी दांड्यांना हात लावलेले. पलंगाला एवढे हात त्याच्या जन्मात लागले नसतील. एक शेजारीण म्हणाली, “मावशे, तुझा पोरगा तर अंगात येतो की!” मायनं मान डोलावली. “माझ्या तर पैल्यापासून होता,” ती म्हणाली, “आवाज आत्ता आला.”

त्या हिवाळ्यात माय गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता. भाऊंनी काही महिने कार्यक्रम केले. मग अंदमानातल्या एका हॉटेलातून त्यांना बोलावणं आलं, आमचीच गाणी ऐकून. बायकोला घेऊन निघाले. घर भाड्यानं दिलं, सामान वाटलं. निघायच्या दिवशी एक टेम्पो माझ्या क्लाससमोर येऊन थांबला. टेम्पोत पलंग आणि मागे उभे भाऊ, अंगात नारळाची झाडं छापलेला तो विटका शर्ट.

“ह्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. भाडेकरूच्या हाती नको.”

“आणि ट्यूब?”

“ती संगं नेतो. ह्या टायमाला लागंल.”

परवा त्यांचा फोन आला होता. “मास्तर, हितलं बेट सुट्टी घेत नाय. चोवीस तास पाणी. पर टरबूज काय गोड नाय.” नवी गाणी बांधायला लागले आहेत म्हणाले, आणि मी इकडून गिटार वाजवून धाडायची आहे. “कमी वाजव,” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

काल दुपारी क्लासमध्ये कुणी नव्हतं. मी स्पीकर पलंगाखाली सरकवला, पाण्याला पाट टाकणारं ते गाणं लावलं आणि गिटार घेऊन पलंगावर बसलो. माय गाऊ लागली. बेस दांडीतून वर आला आणि पायथ्याची ती सळई जिथे झणझणायची तिथेच झणझणली, एकदा गाण्यातली आणि एकदा माझ्यापाशी, खरीखुरी. पुढे भाऊ थांबतात ती जागा येते. तिथे मी तान घ्यायची नाही हे मला पाठ आहे. मी गिटारवरचा हात काढला आणि पालथा करून दांडीवर ठेवला.