पितांबर नानांच्या कानाला झिंक

केळीच्या बागेतली मोटर आजारी पडली की गावाला आधी पितांबर नाना आठवायचे, मग लाइनमन, आणि सगळ्यात शेवटी देव. सावद्याजवळचं हे गाव. मे महिन्यात इथलं ऊन असं की सावलीसुद्धा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसते. त्या उन्हात घड लागलेल्या केळीला दोन दिवस पाणी चुकलं, तर वर्षभराची मेहनत खांद्यातून मोडते. म्हणून या भागात मोटरीच्या डॉक्टरचा मान माणसांच्या डॉक्टरपेक्षा जरा जास्तच.

पितांबर तोताराम भंगाळे. वय बासष्ट, शाळा सातवीपर्यंत. दुकानात पाने, पुलर, ग्रीसचा डबा असं सगळं होतं. पण खरं हत्यार म्हणजे हातभर लांबीची सागवानी काठी. काठीचं एक टोक चालत्या मोटरीच्या अंगाला लावायचं, दुसरं कानाला. डोळे मिटायचे. भोवती चार माणसं श्वास रोखून उभी. मग नाना काठी खाली घेत सांगायचे, "फॅनकडची बेअरिंग हाये. महिनाभर साथ देईल, मंग बसंल." ती सव्वीस-सत्तावीस दिवसांनी बसायचीच. नानांनी एकदा सांगितलं की दुसऱ्याला विचारायची गावात रीत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी ओट्यावर चहा पिता पिता नानांनी पुष्पाबाईंना विचारलं, "कोनाची मोटर चालू रायली वं? बारीक शिट्टी मारून रायली."

पुष्पाबाईंनी कप खाली ठेवला. "मोटर? लाइट तं रातीपासून नही."

नाना उठून रस्त्यावर गेले. सगळा शिवार मुका होता. एकही मोटर चालू नव्हती, पिठाची गिरणीही नव्हती. तरी शिट्टी वाजतच होती. डोकं फिरवलं तर डोक्याबरोबर फिरत होती. तेव्हा नानांच्या लक्षात आलं की हा आवाज गावात नाही, आपल्यातच आहे.

कोणाला सांगायचं? घरात सांगितलं, बाहेर नाही. बेअरिंग बिघडायला लागते तेव्हा पहिला आवाज फार बारीक असतो, सुईच्या टोकाएवढा. नेमका तोच आवाज या शिट्टीखाली दबून जात होता. सुताराचे हात थरथरावेत, तसं झालं होतं.

सावद्याला नानांच्या चुलतभावाचा मुलगा हितेंद्र, त्याचं औषधाचं दुकान. पोरगा लाघवी. त्याला मात्र नानांनी हळूच सांगितलं. तो म्हणाला, "काका, मोबाइलवर वाचलं मी. झिंकची गोळी घ्या. कानातला आवाज जातो."

झिंक! दुसरं कुठलंही नाव असतं तर नाना दहा वेळा विचार करते. पण झिंक, म्हणजे जस्त, हा घरातला शब्द. केळीच्या कोवळ्या पानावर पांढरट पट्टे दिसले, पान अरुंद निघालं, की झिंक. फवारणी झाली की नवं पान हिरवंगार, हत्तीच्या कानासारखं बाहेर पडायचं. जे केळीच्या पानाला लागू पडतं ते आपल्या कानाला का पडू नये?

आणि इथेच, साऱ्या गावाला खताचं शहाणपण शिकवणारा माणूस चुकला. पहिला हप्ता भरपूर द्यावा म्हणून नानांनी दोन गोळ्या घेतल्या, त्याही उपाशी पोटी. अर्ध्या तासात बांधावर बसून सगळं ओकून टाकलं. पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभ्याच होत्या.

"माती तपासली व्हती का?" त्यांनी विचारलं.

"कोनती माती?"

"तुमची. शेजारच्या नथ्थूनं माती न तपासता खत फेकलं, तं चारचौघांत त्याले केवढं बोलले व्हते तुम्ही! आता सोताच्या अंगात काय कमी, काय जास्त, न पाहता गोण्या रिचवून रायले."

नाना तोंड धुता धुता हसले. बायकोने आपलीच काठी आपल्याच पाठीत घातली होती, आणि नेम चुकला नव्हता.

मग दोघं जळगावला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नानांना एका बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. जाड आवाजाला बोट वर जात होतं. बारीक आवाजाला नाना नुसतेच वाट पाहत बसले होते.

"चाळीस वर्षं मोटरींजवळ कान ठेवलात," बाई म्हणाल्या. "बारीक आवाज ऐकायची ताकद झिजली आहे. ही शिट्टी त्यातलीच. जिवाला धोका नाही. पण ती पुसून टाकेल अशी गोळी माझ्याजवळ नाही."

"आन् झिंक?"

"रक्त तपासू. कमी असेल तर देऊ. पण एक सांगून ठेवते. कमतरता भरून निघाली तरी आवाज जाईलच असं नाही. आणि वाटेल तेवढी घेऊ नका. झिंक फार झाली की अंगातलं तांबं कमी पडतं."

हे मात्र नानांना लगेच पटलं. खतातलं स्फुरद जास्त झालं की झाडाला झिंक लागत नाही, हे ते स्वतःच लोकांना सांगत. अंगातही शेतातल्यासारखीच भांडणं असतात म्हणायची.

तपासणीत झिंक थोडी कमी निघाली. जेवणानंतर रोज एक गोळी, तीन महिने, मग पुन्हा तपासणी, असं ठरलं. नानांनी हे काम मोटर बांधण्याइतक्या निष्ठेने केलं. रोज पहाटे लाइट यायच्या आधी ते ओट्यावर बसत, शिट्टी ऐकत, आणि दाराच्या मागच्या फळीवर खडूने रेघा ओढत. शिट्टी हलकी तर एक, मध्यम तर दोन, जोरात तर तीन. एकही दिवस चुकला नाही. मनाला वाटतं म्हणून एखादी रेघ कमीही ओढली नाही. हे लिहायला सोपं आहे. बरं वाटावं म्हणून जीव आसुसलेला असताना तिसरी रेघ ओढायला छाती लागते.

तीन महिने भरले. रक्तातली झिंक भरून आली होती. नानांनी फळीसमोर हात मागे बांधून पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत नजर फिरवली. रेघा जशा होत्या तशाच होत्या. डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली.

पण तोवर गावात बातमी वेगळीच पिकली होती. हितेंद्रने कौतुकाने चार जणांना सांगून टाकलं, "काकांच्या कानात आवाज व्हता, झिंकनं गुण आला." पानटपरीवर नथ्थू म्हणाला, "बरोबर हाये. पत्र्यावर जस्त चढवलं का गंजत नही. नानानं कानावर चढवून घेतलं." दुसरा म्हणाला, "माही बायको ऐकत नही, तिच्या चहात टाकू का दोन?" हसता हसता लोक खरंच गोळ्या घेऊ लागले. ज्यांचे कान वाजत होते त्यांनी घेतल्या, ज्यांचे गुडघे वाजत होते त्यांनीही घेतल्या. आणि नानांकडे काम वाढलं. आता तर नानांचा कान नवा झाला होता!

नाना गप्प राहिले. खरं सांगावं तर झिंकचा गुण खोटा ठरणार, आणि त्याच्या पाठोपाठ कानही. ज्या कानावर चाळीस वर्षं गावाने भरवसा ठेवला, तो गेला म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? आजवर चाललं तसं आणखी पंधरा दिवस ते अंदाजाने चालले. हात लावून थरथर बघायची, मोटरीचं वय विचारायचं, अनुभवाची मदत घ्यायची. बहुतेक वेळा निभावलं. एकदा नथ्थूची चांगली मोटर उगाच खोलली. आत सगळं ठीक होतं. "साफ करून देली," असं म्हणून नानांनी ती परत जोडली. त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

मग सुनंदाबाईंचं बोलावणं आलं. सुनंदाबाई एकट्या बाग सांभाळणाऱ्या, बोलायला खणखणीत. शेततळ्यावरच्या मोटरीतून खडखड येत होती. बागेत घड भरात आलेले, वर मेचं ऊन.

"नाना, लवकर सांगा," त्या म्हणाल्या. "बेअरिंग असंल तं आताच मोटर उतरवते, दोन दिवस केयी तहानली राहीन. नसंल तं चालू ठेवते."

नानांनी काठी लावली. डोळे मिटले. बेअरिंग गेलेली असून मोटर चालू ठेवली तर आतलं वायंडिंग जळणार, म्हणजे आठ दिवस मोटर बंद. नसताना उतरवली तर दोन दिवस बाग उगाच कोरडी. काठीतून जाडजूड घरघर येत होती आणि तिच्यावर ती शिट्टी. बाकी काही नाही. पाठीमागे नथ्थू आणि आणखी दोघं उभे होते.

नानांनी काठी खाली घेतली.

"सुनंदाबाई, मले ऐकू येत नही."

"थांबा, त्यांले गप करते. ए नथ्थू, तोंड मिट!"

"त्यांचं काही नही. माहा कान गेला. झिंक घेतली, तीन महिने, डॉक्टरले विचारून घेतली. रक्तातली भरली, कानातली शिट्टी जशीच्या तशी हाये. कोनी माह्या नावानं गोळ्या घेत असंल तं घेऊ नका, आधी तपासा. आन् नथ्थू, तुही मोटर मी उगाच खोलली व्हती. तिले काही झालं नव्हतं."

 मोटर तशीच खडखडत होती.

"आता माह्या केयीचं काय?" सुनंदाबाईंनी विचारलं. त्यांना दुसरं काही सुचलंही नसतं.

"आता तुम्ही ऐका." नानांनी काठी त्यांच्या हातात दिली. "इथं लावा, फॅनकडे. काय वाटतं?"

सुनंदाबाईंनी पदर मागे घेतला, कान टेकवला. "काही नही. जातं मोकळं फिरावं तसं."

"जात्यात खडा सापडल्यावानी?"

"नही. गुळगुळीत हाये."

"आता पंपाकडे."

"अग बाई! इथं हाये. कढईत वाळू तापवून हरबरे फुटाणे करतात ना, तसं फुटून रायलं."

"एकसारखं का थांबून थांबून?"

त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. "थांबून थांबून. मधीच दम लागल्यावानी."

नानांच्या चेहऱ्यावर उजेड आला. "बेअरिंग चांगली हाये. पंपाले पाणी कमी पडून रायलं. फुटवालमध्ये काहीतरी अडकलं."

पाइप वर ओढला. पाइपाच्या तळाशी पाणी आत घेणाऱ्या फुटवालच्या जाळीला घडावर घालायच्या पिशवीचा फाटका तुकडा गच्च चिकटला होता. तो काढून पाइप पुन्हा सोडायला तास लागला. मोटर चालू केली. खडखड नव्हती. केळीच्या ओळींमधून ठिबकच्या नळ्या हळूहळू फुगत गेल्या.

नथ्थू हात पुसत पुढे आला. मग म्हणाला, "नाना, माही मोटर साफ मातर झाली व्हती बरं. कधी नही ते झाली."

संध्याकाळी हितेंद्र आला, तोंड उतरलेलं. "काका, मले खरंच वाटलं व्हतं."

"मलेही वाटलं व्हतं," नाना म्हणाले. "म्हनून तं घेतली. आता विचारायले येईल त्याले सांग, आधी डॉक्टरले कान दाखव, रक्त तपास. कमी असंल तं घे. आन् माह्यं विचारलं तं सांग, नानाले गुण आला नही."

चार दिवस दुकानाकडे कोणी फिरकलं नाही. नानांनी हत्यारं घासून पुसून ठेवली.  पाचव्या दिवशी जितेंद्र नावाचा शेजारच्या गावचा शेतकरी टेम्पोत मोटर घालून आला.

"नाना, तुमच्याकडे म्हने मोटर ज्याची त्यानंच ऐकायची?"

"कोनी सांगितलं?"

"सुनंदाबाईनं. आमच्या गावापर्यंत सांगत आली ती, का नानानं मले मोटर ऐकायले शिकवलं. दुसरा मिस्तरी असता तं खोलून बसला असता."

नानांनी मोटर जमिनीवर उतरवून घेतली, तारा जोडल्या, बटण दाबलं. मग स्वतः मोटरीच्या पलीकडे मांडी घालून बसले, आणि काठी जितेंद्रच्या हातात दिली.

"डोये मिट," ते म्हणाले. "घाई करू नको. जे ऐकू येईल तेच सांग, जे ऐकू यावं वाटते ते नको."