हजार वेळा मेलेला जनरल

ढुंढिराज गायधनीच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकसष्ट दुष्ट राहतात. कुणाला शिंगं, कुणाला शेपटी, कुणाच्या हाताच्या जागी खेकड्याची नांगी. सगळे वीतभर उंचीचे, प्लॅस्टिकचे, चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पोरांच्या खेळण्यांतले. सज्जन एकही नाही. पाहुण्यांनी विचारलंच, ‘यांचा हिरो कुठाय?’ तर पाटबंधारे खात्यात साहेबासमोर मान वर न करणारा हा माणूस ताडकन सांगतो, “आमच्याकडे हिरो ठेवत नाहीत.”

या सगळ्याचं मूळ त्याच्या वडिलांच्या एका चुकीत आहे. अण्णा रामकुंडावर यजमानांची धर्मकृत्यं करायचे. सत्याऐंशी सालच्या दिवाळीत मेन रोडवरच्या एका दुकानात त्यांना काचेमागे सिंहाचं तोंड, माणसाचं धड आणि वर उचललेले दोन पंजे दिसले. अण्णांनी फुटपाथवरूनच हात जोडले. इतका देखणा नरसिंह त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. शेजारी निळ्या कपड्यांतला एक गोरागोमटा इसम उभा होता, त्याला त्यांनी प्रल्हाद ठरवलं. दोन मुलं, दोन बाहुले, हिशेब चोख बसला.

नरसिंह तीन दिवस देव्हाऱ्यात होता, डोक्यावर झेंडूचं फूल मिरवत. चौथ्या दिवशी थोरल्या आल्हादने खोक्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं. निळा तो कॅप्टन झोरान, आकाशगंगेचा रक्षक. आणि देव्हाऱ्यातला तो जनरल ग्रोवार, आकाशगंगेचा वैरी. अण्णांनी फूल काढून घेतलं आणि आईने देव्हाऱ्यात गोमूत्र शिंपडलं. आल्हाद बारा वर्षांचा, थोरला. त्याने झोरान उचलला. नऊ वर्षांच्या ढुंढूच्या पदरी वैरी पडला.

मग नियम ठरले. नियम अर्थातच आल्हादने ठरवले, कारण बळी तो कान पिळी. खेळ संध्याकाळी सुरू व्हायचा आणि आईने स्वयंपाकघरातून ‘पानं वाढलीत!’ अशी हाक मारली, की जनरलने मरायचं. लढाईत तो कितीही वरचढ असो, झोरान पार पलंगाखाली गेलेला असो, पानं वाढली की संपलं. आता रोजच मरायचं म्हटल्यावर ढुंढूने त्यात कसब कमावलं. त्याचा जनरल आधी छातीवर पंजा ठेवायचा, मग गिरक्या घ्यायचा, आकाशगंगेला चार शिव्या मोजून द्यायचा आणि शेवटी पाटावरून गडगडत थेट उंबऱ्यापाशी जाऊन पडायचा. वरणभात कालवताना आल्हाद हसून हसून ठसकत असे. तीन वर्षांत जनरल हजारदा तरी मेला असेल.

दहावीनंतर आल्हाद पुण्याला मावशीकडे शिकायला निघाला. आदल्या संध्याकाळी ढुंढू म्हणाला, “दादा, आज एकदाच माझा जिंकू दे.”

आल्हादने क्षणभर विचार केला. “असं नसतं रे, ढुंढ्या. व्हिलन कधी जिंकतो का?” आणि झोरानला सदऱ्यात गुंडाळून त्याने बॅगेत टाकलं.

ते ढुंढूला लागलं. इतकं लागलं, की पहिल्या पगारापासून तो दुष्ट गोळा करत सुटला. जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, मोबाईलवर, जिथे मिळेल तिथे. त्यामागे त्याचं तत्त्वज्ञानही आहे आणि ते ऐकवायला त्याला निमित्त लागत नाही. हिरो सगळे एका साच्यातून काढायचे आणि नुसते कपडे बदलायचे. कारागिराने जीव ओतला तो दुष्टांत! आणि तरी दुकानातून हिरो आधी संपायचे. या अन्यायाबद्दल तो अजून तावातावाने बोलतो, जसं काही परवा घडलंय.

एकदा कळलं, की देवळा गावाजवळ एका मळ्यात डॉक्टर भुंगा नावाचा दुर्मिळ दुष्ट आहे, तोही पंखांसकट. ढुंढिराजने रजा टाकली आणि मळा गाठला. डॉक्टर म्हशींच्या गोठ्याच्या दारावर लिंबू-मिरचीशेजारी टांगलेला होता. मालकीण कुसाबाई जागची हलेना.

“तो नाय मिळायचा. तो गेला तर म्हशीला दीठ लागंल. लय कडक हाय तो.”

ढुंढिराजने पिशवीतून कोराकरकरीत नवा हिरो काढून बदल्यात पुढे केला. म्हातारीने त्याला उलटासुलटा करून पाहिलं. “याला कोन भ्यायचं? नवरदेव दिसतोय मेला.”

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला आणि आपल्याकडचा एका हाताचा खेकडासुर तिच्यापुढे धरला. कुसाबाईचा चेहरा खुलला. “हा बरा. हात गेलाय म्हंजी अजून खवळलेला दिसतोय.” सौदा झाला, वर गूळशेंगदाणे मिळाले. खेकडासुर अजून इमानेइतबारे ड्यूटीवर आहे.

ढुंढिराजची बायको संपदा हे सगळं कपाटात बंद करून ठेवते. फक्त महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तिची परवानगी असते, कारण गौरींपुढे खेळणी मांडायची रीतच आहे आणि घरात दुसरी खेळणी नाहीत. तेव्हा पायऱ्यापायऱ्यांवर एकसष्ट दुष्ट हळदीकुंकवाला उभे राहतात. शेजारच्या इंदिराकाकू दरवर्षी जनरलपुढे हात जोडतात. संपदाही त्यांना काही सांगत नाही.

यंदा महालक्ष्म्यांना आल्हाद आला. चैत्रात त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ढुंढिराजने दार उघडलं. दादा सदऱ्यात हरवल्यासारखा दिसत होता. जिने चढायचे नव्हते, लिफ्टने आला होता, तरी दारातच खुर्ची मागून बसला.

जरा दम खाऊन त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत कॅप्टन झोरान होता, दोन तुकड्यांत. धड वेगळं, पाय वेगळे.

“आपोआप सुटला रे. कपाटातच होता. होईल का काही?”

म्हणजे दादाने एवढी वर्षं जपला होता! घरात हिरो न घेण्याचा नियम ढुंढिराजने त्या दिवसापुरता मोडला. त्याने हत्यारांचा डबा काढला. या बाहुल्यांच्या कमरेत एक रबराची कडी असते. तिच्यावरच वरचं-खालचं अंग तोललेलं असतं. चाळीस वर्षांत ती कुजते. अशा कड्या त्याने एकसष्टही दुष्टांना बसवल्या होत्या. क्रोशाच्या सुईने त्याने बासष्टावी ओढून घेतली, आकड्यात अडकवली आणि पाठीचा स्क्रू आवळला. कॅप्टन ताठ उभा राहिला.

“कमाल आहे तुझी,” आल्हाद म्हणाला. मग त्याने गौरींपुढच्या पायऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यात वर जनरल होता, पंजे उगारून. “ढुंढ्या, एक डाव होऊन जाऊ दे. आणि ऐक, आज तुझा जिंकणार. तेव्हा मी तुला उगाच नकार दिला. ते मला ऑपरेशनच्या आधी, तिथे पडल्या पडल्या, सारखं आठवत होतं बघ.”

ढुंढिराज सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्यातली पस्तीस वर्षं तो या वाक्याची वाट पाहत होता. त्याने जनरलला अलगद उचललं. पायरीवर लढाई जुंपली. जनरलने झोरानला एक-दोन तडाखे दिले, कडेपर्यंत रेटला. आता एक धक्का, की खेळ खलास. नवी कडी बसवलेला कॅप्टन दादाच्या हातात मात्र डुगडुगत होता, आणि दादा पडायची तयारी करून हसायचा प्रयत्न करत होता. ढुंढिराजला ते पाहवेना.

तेवढ्यात आतून संपदाची हाक आली, “पानं वाढलीत!”

जनरलने छातीवर पंजा ठेवला. दोन गिरक्या घेतल्या. आकाशगंगेला चार कडकडीत शिव्या दिल्या, महालक्ष्म्यांदेखत. मग तो गडगडत सुटला, पहिल्या पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, डॉक्टर भुंग्याला आणि आणखी सहा-सात जणांना बरोबर घेऊन, थेट रांगोळीत.

आल्हाद छातीवरचा व्रण दाबून धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत हसत होता.

“अरे लबाडा,” तो कसाबसा म्हणाला, “आज तू जिंकायचं ठरलं होतं ना!”

ढुंढिराजने रांगोळीतून जनरलला उचललं, त्याच्या आयाळीतली रांगोळी फुंकली आणि दुसरा हात भावाला उठण्यासाठी पुढे केला.

“पानं वाढलीत ना, दादा.”