मुकं ई-एन-टी

सत्तावीस वर्षं मी वानखडे काकांशी खोटं बोलले.

बुधवारी ते गेले. गावाच्या ग्रुपवर सगळे त्यांच्याविषयी चांगलं लिहीत आहेत. मी हे लिहिते.

काका आमच्या जानेफळचे. महाराष्ट्र नुकता झाला होता, तेव्हा ते खामगावला पोस्टात लागले. परदेशी पाकिटांवर निळी चिठ्ठी असायची. तिच्यावर फ्रेंच: ‘पार आव्हिऑन’.

त्यांना वाटलं, विमानानं समुद्रापार, म्हणून ‘पार’.

कोणीतरी सांगितलं, ‘पार’ म्हणजे नुसतं ‘ने’. विमानाने. काका इतके खूश झाले की रद्दीतून फ्रेंच व्याकरण घेऊन आले.

पुस्तकाची पहिली पानं फाटलेली होती. उच्चारांचा धडा त्यातच गेला.

फ्रेंच बोलणारा माणूस त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग मराठीसारखं, लिहिलं तसं वाचायचं. क्रियापदाचे पेन्सिलनं तुकडे पाडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे.

पार-लोन्स, आम्ही बोलतो. पार-लेझ, तुम्ही बोलता. पार-लेंत, ते बोलतात.

अकरावीत मी त्यांच्याकडून हेच शिकले.

पुण्यात कॉलेजात फ्रेंचच्या पहिल्याच तासाला उभं राहून ‘पार-लेंत’ वाचलं. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, शेवटचं ई-एन-टी मुकं असतं. नुसतं ‘पार्ल’. तो बोलतो, ते बोलतात, कानाला एकच.

दिवाळीत काकांनी विचारलं, “काय वं, माह्ये उच्चार बरोबर निघाले ना?”

“हो काका. अगदी.”

ती दया होती की माझी लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या महिन्यात भेटायला गेले. सुनेनं त्यांना मोबाइल शिकवला होता. त्यावर ते फ्रेंच ऐकायला लागले होते.

“ते शेवटचं ई-एन-टी कोणीच म्हणत नाही वं. तुले माहीत होतं?”

“हो.”

ते आधी हसले. “कान-नाक-घसा, अन् तेच मुकं!”

मग मोबाइल पालथा ठेवला.

“काऊन नाही सांगितलं? मले वाटे, आपण दोघं आहोत. मी तं एकटाच बोलून राह्यलो होतो.”

 

मी निघताना काका म्हणाले, “आता शिकव. दर रविवारी पाच वाजता फोन कर.”

दोन रविवार केला. ‘पार्ल’ म्हणून थांबताना त्यांना त्रास व्हायचा. पुढचं ‘लेंत’ ओठांशी आलेलं असायचं, ते गिळायचे.

तिसऱ्या रविवारी केला नाही. पाहुणे होते, असं मी स्वतःला सांगितलं. पाहुणे चारला गेले होते.

बुधवारी सुनेचा फोन आला. बातमी सांगून झाल्यावर ती म्हणाली, “रविवारी मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, मामाजी, चहा थंडा होऊन राह्यला. तं म्हणे, थांब, माह्या मॅडमचा फोन येते.”

काका, माफ करा.

शेवटचा जय भीम.