वहिनीचं 'कशावरून?'

साक्षात देव पुढे उभा राहून 'मी देव' म्हणाला, तरी आमची थोरली वहिनी आधी त्याला पाणी देईल आणि मग विचारील, "कशावरून?" पूर्वी ती अशी नव्हती. रोह्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायची, शेजारच्या अष्टमी गावात घर सांभाळायची. चाळिशी उलटल्यावर तिने एमबीएला नाव घातलं आणि दर रविवारी भाकरीचा डबा घेऊन गाडीने पनवेलला जायला लागली. तिथल्या सरांनी शिकवलं, की निर्णय अंदाजावर घेऊ नये, पुराव्यावर घ्यावा. बाकीच्यांनी ते परीक्षेत लिहिलं आणि विसरले. वहिनी ते घरी घेऊन आली.

पहिला बळी दादा. पोहे खावेत ते पेणचेच, असं तो म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे दोन बशा आल्या. दादाने डोळे मिटून जी बशी वाखाणली, ते पोहे कोपऱ्यावरच्या दुकानातले निघाले. तेव्हापासून तो मुकाट खातो. पेणला गणपती ठरवायला गेलो, तर कारखानदार म्हणाला, रंग एकदम पक्का. वहिनीने ओलं फडकं मागितलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, बाप्पा न्यायचाय, का धुवायचाय?" मांजर आडवं गेलं की काम होत नाय, हे माझ्या आईचं मत तपासायला तर वहिनीने बांगड्याची डोकी घालघालून एक बोका दारातच बसवला आणि रोज त्याला आडवं घालून कामाला जायला लागली. महिना संपता संपता तिला बढती मिळाली. आईने बोक्याला हळदकुंकू लावलं.

"एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, आई," वहिनी कळवळून म्हणाली.

"नसंल होत. पन त्याला बांगडा घाल गो."

पुढे आईच आजारी पडली. आम्ही भाऊ डॉक्टरांपुढे नुसत्या माना हलवत होतो. वहिनीने मात्र सगळे रिपोर्ट घेऊन त्यांना इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जे होतं ते स्पष्ट सांगितलं. फार दिवस नव्हते. घरी आल्यावर आईने दादाला नाही, मला नाही, वहिनीला जवळ बोलावलं.

"मी बरी होईन ना गो? तू उगाच काय बोलत नाय, म्हनून तुला इचारतंय."

वहिनीने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "व्हाल ना. थंडीत वालाच्या शेंगा आल्या, की मडक्यात भरून परसात जाळावर पोपटी लावू. मडकं तुम्हीच भरायचं."

त्या संध्याकाळी आई बऱ्याच दिवसांनी पोटभर पेज जेवली. वहिनी मागच्या पडवीत जाऊन उगाचच भांडी घासत बसली.

वालाला फुलं येईपर्यंत आई राहिली. डॉक्टर म्हणाले होते त्याहून कितीतरी जास्त. ते कशामुळे, हे वहिनीने कधी कुणाला विचारलं नाही.